वितोमिरने मागे का बघितलं

झ्रेन्यानिन, २६ जून

प्रिय मामा,

आयुष्यभर पुलांवरून, छपरांवरून, धावत्या ट्रकवरून उड्या मारल्यास आणि शेवटी आंबट चेरी काढताना घरच्या शिडीवरून पडून खुबा मोडून घेतलास. आई रडत होती, मी हसत होते. मग आई माझ्यावर ओरडायला लागली आणि त्या नादात तिचं रडणं थांबलं. तेव्हा माझे आभार मान.

तिथे बान्याच्या इस्पितळात फोनवर बोललं की सगळा वॉर्ड कान टवकारतो असं म्हणालास, म्हणून हे पत्र. आणि आता एक गुपित. मी दिवसभर औषधाच्या दुकानात असते आणि संध्याकाळी 'सातवी चौकी'च्या गोष्टी लिहिते. हो, तीच मालिका, ज्यात हिरोच्या जागी तू उड्या मारायचास. शेवटच्या भागात कस्टमचा इन्स्पेक्टर वितोमिर पुलावरून दान्यूबमध्ये उडी घेतो, मागच्या बाजूने पेर्सिदा तस्करीचा माल घेऊन होडीतून पुलाखालून निसटत असते, आणि तिथेच मालिका संपते. पुढे काय झालं ते कुणी सांगितलंच नाही. म्हणून आम्ही चाहते इंटरनेटवर एका जागी जमून ते आपापल्या मनाने लिहितो. याला फॅन फिक्शन म्हणतात. नाक मुरडू नकोस.

दर उन्हाळ्यात आमच्यात देवाणघेवाण असते. प्रत्येकाने हवी ती गोष्ट मागायची, चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची चिठ्ठी येईल त्याच्यासाठी गुपचूप लिहायचं. लिहिणाऱ्यांची टोपणनावं पंधरा सप्टेंबरला उघड होतात. मला आलेली मागणी अशी आहे: "मला उडी नको. उडीच्या आधी वितोमिर क्षणभर मागे वळून बघतो. का? तेवढंच लिहा."

मामा, चेहरा त्या नटाचा असेल, पण पुलावर तू होतास. मागे वळलेली ती मान तुझी आहे. इथे चांगल्या घरच्या बायका त्या मानेवर पानंच्या पानं लिहितात, हे आईला कळवू नकोस. मला फक्त एवढं सांग, तू मागे का बघितलंस? सोबत माझी एक जुनी गोष्ट छापून पाठवतेय. वेळ जाईल.

तुझी, हसल्याबद्दल अजिबात वाईट न वाटलेली,
तियाना


बान्या, ३ जुलै

तियाने, कार्टे,

गोष्ट वाचली. नऊ पानं. नऊ पानांत वितोमिर एक कप कॉफी पितो. मला वाटलं आता खिडकीतून कुणीतरी गोळी झाडेल. नाही. मग वाटलं, कॉफीत विष असेल. तेही नाही. सातव्या पानावर कॉफी उतू जाते, तेवढीच काय ती हाणामारी. अगं, त्या माणसासाठी मी दोन बरगड्या मोडून घेतल्या आहेत. त्याला असा स्वयंपाकघरात बसवून ठेवायला तुला लाज कशी वाटली नाही?

शेजारच्या खाटेवर दोब्रिवोये आहे, आयुष्यभर बस चालवली त्याने. त्याने गोष्ट मागून घेतली आणि शेवटी डोळे पुसत बसला. विचारलं तर म्हणतो, डोळ्यात औषध घातलंय. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांचं नाही.

नीट लिहायचं असेल तर ऐक. पूल अकरा मीटर. पाणी मातकट, ओढ डावीकडे. पाय जुळलेले, हात अंगाशी, श्वास आधी निम्मा सोडायचा. हे लिही, वाचणारा खुर्ची घट्ट धरून बसेल.

मागे बघण्याचं म्हणशील तर गांधीलमाशी होती. कानाशी घोंगावत होती. पटकथेत मागे बघणं नव्हतंच. दिग्दर्शकाने मला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, पण दुसऱ्या उडीपुरता उजेड उरला नव्हता, म्हणून राहिलं ते. कळव त्या बाईंना, गांधीलमाशी.

मामा


झ्रेन्यानिन, ९ जुलै

मामा,

गांधीलमाशी मी लिहिणार नाही. मला तिथून हाकलून देतील.

आता तू ऐक. तुझी उडी सगळ्या देशाने पाहिली आहे. ती मी परत लिहून काय वेगळं देणार? तू प्रत्यक्षात मारलीस त्याहून चांगली माझ्याच्याने कागदावर मारवेल का? पण त्या वेळी वितोमिरच्या पोटात काय चाललं होतं ते मालिकेने कुणाला सांगितलं नाही. ती जागा रिकामी आहे, आणि आम्ही सगळे तिथेच बिऱ्हाड थाटून बसलोय. आमच्याकडे येणाऱ्याला वितोमिर आधीपासून ओळखीचा असतो. तो कसरत बघायला येत नाही, ओळखीचा माणूस आतून कसा आहे ते बघायला येतो. दोब्रिवोयेकाका कॉफीला रडले नाहीत. ती कॉफी त्याने दोन कप केली होती आणि पेर्सिदा आली नव्हती, त्याला रडले. तू कप मोजलेच नाहीस.

आणि माझी अवस्था समजून घे. ती मागणी कुणाची आहे माहीत आहे? आमच्यातली सगळ्यात मोठी लेखिका, बारा वर्षं लिहितेय. टोपणनाव 'कोरडा कोट'. वितोमिरने पेर्सिदाकडे वळून बघितलं, ही कल्पना मुळात तिची. आज आम्ही सगळे तेच धरून लिहितो. आणि आता तीच विचारतेय, का बघितलं? जिने सगळ्यांना उत्तर दिलं तिचंच समाधान झालेलं नाही, आणि तिची चिठ्ठी नेमकी माझ्या गळ्यात. हिच्यापुढे माझं हसं झालं तर मी लिहिणं सोडून नुसत्या खोकल्याच्या बाटल्या विकेन.

तेव्हा खरं कारण पाठव. लवकर.

तियाना


बान्या, ३० जुलै

तियाना,

उशीर झाला. व्यायाम करून घेणारी बाई फार राबवते.

मागे बघण्याचं कारण मी विसरलो होतो, आता आठवलं. कमरेचा दोर नीट बांधलाय का ते बघत होतो.

ती कोट म्हणून कोण आहे, ती कुठल्या गावची? साधारण वय काय असेल? घरी कोण असतं? दोब्रिवोये विचारत होता. त्याला तिच्या सगळ्या गोष्टी वाचायच्या आहेत. सगळ्या छापून पाठव, पहिलीपासून. कागदाचा खर्च मी देईन.

मामा


झ्रेन्यानिन, ५ ऑगस्ट

मामा,

पुडकं पाठवलंय. पोस्टातल्या बाईंना वाटलं मी वकील आहे.

दोब्रिवोयेकाकांना सांग, आमच्यात कुणी कुणाचं खरं नाव विचारत नाही, हा पहिला नियम. एवढंच ठाऊक आहे की ती व्रशात्सकडची आहे आणि पूर्वी कपड्यांचं काही काम करायची. काका विधुर आहेत ना? तरीच. वॉर्डात बसून बसून माणसाला काय काय सुचतं. त्यांना म्हणावं, आधी स्वतःच्या पायावर चालून दाखवा, मग व्रशात्सच्या चौकशा करा.

आणि तो दोर कुठला? परवा सगळा भाग पुन्हा पाहिला, तुझ्या कमरेला दोर नाही. आधी माशी, मग दोर. मामा, तुला खोटं बोलता येत नाही, उगाच श्रम घेऊ नकोस.

माझी गोष्ट अडली आहे. तीनदा लिहिली, तीनदा फाडली. तू एवढा शहाणा आहेस तर तूच लिहून दाखव. तो पूल, तो क्षण. चुका मी काढते.

तियाना


बान्या, १४ ऑगस्ट

घे. दोब्रिवोये म्हणतो उत्तम झालंय.

"वितोमिर पुलाच्या कठड्यावर चढला. कठडा गंजलेला होता. त्याने डावा पाय पुढे घेतला, मग उजवा. वारा वायव्येकडून होता. त्याने मागे बघितलं. मग पुढे बघितलं. मग उडी मारली. पाय जुळलेले होते. पाण्यात शिरताना आवाज कमी झाला. तीन सेकंदांनी तो वर आला आणि डाव्या हाताने पोहत काठाला लागला. समाप्त."

मामा


झ्रेन्यानिन, १९ ऑगस्ट

मामा,

तुझा कागद परत पाठवतेय, लाल पेन्सिलीसकट. वारा वायव्येकडून होता हे लिहिलंस, वितोमिर कुठे होता ते कोण लिहिणार? "त्याने मागे बघितलं" आणि "मग पुढे बघितलं" या दोन वाक्यांच्या मधे मी एक मोठी फुली मारली आहे. तुझी सगळी गोष्ट त्या फुलीत आहे आणि तू तिच्यावरून टांग टाकून पलीकडे गेलास. त्याला काय वाटलं? थंडी वाजली, असं लिहिलंस तर मी पुढच्या वेळी पुडक्यात तुझ्या आवडीची काजमाकची साय घालणार नाही.

एक विचारू? चिडू नकोस. तुला उडीबद्दल विचारलं की तू पानभर लिहितोस, आणि त्या एका क्षणाबद्दल विचारलं की माशी आणतोस. का रे?

तियाना


बान्या, २७ ऑगस्ट

तियाना,

दोब्रिवोये झोपलाय. नसला तरी तसं दाखवतोय, भला माणूस आहे.

मला प्रत्येक उडीआधी भीती वाटायची. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. लोक म्हणायचे रादिवोयला भीती ठाऊकच नाही. मी हसायचो, आणि कठड्यावर चढलो की पोटऱ्या लटलट कापायच्या.

आमच्या कपडेपटात नेवेन्का नावाची मुलगी होती. मला पाण्यात उडी मारायची असली की ती काठावर कोरडा कोट घेऊन उभी राहायची. तिचं कामच होतं ते. मी बाहेर आलो की कोट अंगावर टाकायची आणि गळ्याजवळचं सगळ्यात वरचं बटण स्वतः लावायची, कारण माझी बोटं आखडलेली असायची. ते बटण लागलं की मला वाटायचं, आजचं निभावलं.

त्या दिवशी पुलावर चढलो आणि मनात आलं, आज वर आलो नाही तर? आई रडेल, बहीण रडेल. पण आत्ता, या घटकेला, माझ्याकडे कुणी माझ्यासाठी बघतंय का? सगळे वितोमिरकडे बघत होते. म्हणून वळलो. पुलाच्या तोंडाशी ती उभी होती, कोट पोटाशी धरून. शेजारी पेर्सिदा झालेली नायिका होती, तिच्याभोवती पाच माणसं. नेवेन्का एकटी माझ्याकडे बघत होती. रादिवोयकडे. मला इतकं बरं वाटलं की मग उडीचं काहीच वाटलं नाही.

बाहेर आलो, तिने बटण लावलं, विचारलं, "पाणी गार होतं का?" मी म्हणालो, "हो." दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गावी गेले. माझी प्रेमकथा एवढीच, एका अक्षराची. मला वाटलं शहाण्या घरची मुलगी आहे, माझ्यासारख्या धडपड्याशी कशाला बोलेल. मग मी पुढच्या सिनेमाला गेलो, आणि अजून पुढच्या.

तू ते टोपणनाव कळवलंस तेव्हा तीन आठवडे मला पेन धरवेना. मग तिच्या गोष्टी आल्या. पाचव्या गोष्टीत पेर्सिदा वितोमिरला विचारते, "पाणी गार होतं का?" तियाना, तीच आहे. आणि बारा वर्षं ती लिहितेय की त्याने पेर्सिदाकडे बघितलं. तिला वाटलं मी शेजारच्या नायिकेकडे बघितलं.

यातलं हवं ते घे. माझं नाव कुठेही येऊ देऊ नकोस. ती लग्न करून सुखात असेल, आणि मी इथे कुबड्या घेऊन संडासापर्यंत जाणारा म्हातारा.

मामा


झ्रेन्यानिन, ६ सप्टेंबर

माझ्या मामा,

तुझं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं. एका गिऱ्हाइकाला रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी पोटदुखीच्या दिल्या आणि त्याच्यामागे रस्त्यापर्यंत पळाले. दोब्रिवोयेकाकांची मी उगाच टिंगल केली, त्यांना माझ्या वतीने सॉरी म्हण.

मग घरी येऊन एका बैठकीत गोष्ट लिहिली. उडी नाही. पाणी नाही. नुसता कठडा, पोटऱ्या, आणि वळून बघणं. वितोमिर पेर्सिदाकडे बघत नाही, काठावर कोट धरून उभ्या असलेल्या, मालिकेत नावही नसलेल्या बाईकडे बघतो. बटण घातलं. शुक्रवारी लावली, आणि आमच्याकडे वणवा पेटला. पेर्सिदावाल्या बायका मला शिव्या देतायत. एकीने लिहिलंय, अशा माणसाला बुडूच द्यायला हवं होतं. वाचणाऱ्यांनी एवढं मनाला लावून घेतलं की मी रोज आनंदाने शिव्या खातेय.

'कोरडा कोट'ने काल फक्त एक ओळ लिहिली: "ते बटण मी माझ्या कुठल्याच गोष्टीत घातलेलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामा, पंधरा तारखेला नावं उघड होणार. नियम असा की ज्याने मदत केली त्याचं नाव लिहिणारीने द्यायचं, तो नको म्हणाला तर "एक मित्र" एवढंच लिहायचं. मी परस्पर तुझं नाव टाकू शकते. हात शिवशिवतायत. तुला ठाऊक आहे मी कसली आहे. पण हे एक मी तुला न विचारता करणार नाही. तू "नको" म्हणालास तर "एक मित्र" जाईल, आणि तिला कधीच कळणार नाही.

लवकर कळव.

तियाना


बान्या, ११ सप्टेंबर

तियाना,

नाव टाक. आडनावासकट टाक, रादिवोय नावाचे गल्लोगल्ली असतात. भीती वाटतेय. पुलावर वाटली त्याहून जास्त, आणि या वेळी कोट धरून कुणी उभं असेल की नाही तेही माहीत नाही. तरी टाक.

मामा


व्रशात्स, २० ऑक्टोबर

प्रिय तियाना,

आपली ओळख नाही. म्हणजे बारा वर्षं एकमेकींचं लिहिलेलं वाचतोय, पण खऱ्या नावाने हे पहिलंच पत्र. मी नेवेन्का, कोरडा कोट.

तुमच्या मामांनी तुम्हाला आमच्या भेटीबद्दल कळवलं असेलच. त्यात बस किती वाजता सुटली, कुठे बदलली आणि माझ्या जिन्याला किती पायऱ्या आहेत हे सगळं असेल. बाकीचं नसेल, म्हणून मी लिहितेय.

पंधरा तारखेला नाव वाचलं आणि मी कॉम्प्युटर बंद करून भांडी घासायला घेतली. सगळी घासली, घासलेली पुन्हा घासली. मला राग आला होता. एवढी वर्षं मी धरून चालले होते की पुलावरच्या त्या माणसाने माझ्या शेजारच्या सुंदर बाईकडे बघितलं. आणि बघेल नाही तर काय, सगळे तिच्याकडेच बघायचे. माझं लग्न झालं, चांगल्या माणसाशी झालं. तो गेल्यावर घर फार शांत झालं तेव्हा मी लिहायला बसले. त्या बघण्याचं मी काहीतरी सुंदर करून ठेवलं, पण दुसरीच्या नावाने. माझ्या नावाने लिहायची मला हिंमत झाली नाही. आणि आता कळतं की ते माझंच होतं. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने रागवावं की काय करावं?

तुमच्या नोंदीतून इस्पितळ कळलं, तिथे मी फोन केला. कुणी दोब्रिवोये नावाच्या गृहस्थांनी उचलला आणि मी तुमच्या मामांना बोलवा म्हणताच, नाव सांगायच्या आतच ओरडले, "रादिवोय, कपडेपट." मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग तुमचे मामा फोनवर आले. मी म्हटलं, बरे व्हा आणि इकडे या, मला जे बोलायचंय ते तोंडावर बोलायचंय.

या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आले. काठी टेकत, नवीन शर्ट घालून, त्याची घडीची रेघ तशीच. मी दारात उभी राहून त्यांना सगळं सुनावलं. तेव्हाच का नाही बोललात, एक "हो" म्हणून कसे गेलात, मी त्यानंतर किती दिवस वाट बघितली. शेजारीण बाहेर येऊन ऐकत होती, ऐकू दिलं. ते शेवटपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं तुम्ही नुसतं काम करत होता." मी म्हटलं, "कामाला बटण लावायचं नसतं, नुसता कोट द्यायचा असतो." त्यावर तुमचे मामा, देशातले नावाजलेले धाडसी, माझ्या जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. मीही बसले. मग शेजारणीने आम्हा दोघांना पाणी आणून दिलं.

त्यानंतर ते दोनदा येऊन गेले, आज पुन्हा आले आहेत. माझ्या जुन्या गोष्टी मी काढून टाकणार नाही. पेर्सिदावाल्यांनी शिव्या दिल्या तरी तुमचीही काढू नका. दोन्ही राहू द्या, वाचणाऱ्यांना आपापलं काय ते घेऊ दे.

बाहेर मिरच्या भाजून झाल्या आहेत, स्वयंपाकघरात तुमचे मामा आयवारच्या चटणीसाठी त्या सोलतायत. हे पत्र मी त्यांच्यामागच्या टेबलाशी बसून लिहितेय. एक मिरची सोलतात आणि मान वळवून माझ्याकडे बघतात, पुन्हा एक सोलतात, पुन्हा बघतात. त्यांना वाटतं माझं लक्ष नाही. मी वर बघत नाहीये, तियाना. जरा वेळ बघू दे त्यांना.

तुमची,
नेवेन्का